पापान्त्लाची वेल

तेलविहिरींचं पोसा रिका शहर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यातला हा पापान्त्ला तालुका. नाव मात्र संत्र्याने नाही, व्हॅनिलाने कमावलेलं.

मळ्यात शिरलेल्या मराठी पाहुण्याला आपला पानमळाच आठवावा. वेल इथेही झाडावरच चढवतात, आणि झाडंही ओळखीची निघतात: पांगाऱ्याच्या कुळातलं पिचोको, नाहीतर गिरिपुष्प. आपल्या बांधावरचं गिरिपुष्प मुळात इकडचंच.

फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं. तेवढ्या अवधीत माणसाने बारीक काडीने आतला पडदा उचलायचा आणि पराग दाबून बसवायचे. दर फुलामागे हा सोपस्कार. शेंग तयार व्हायला नऊएक महिने. तोडलेल्या हिरव्या शेंगेला वास नसतोच. ती गुंडाळून तिचा घाम काढायचा, मग ऊन दाखवायचं, असं कित्येक आठवडे चालतं, तेव्हा कुठे ती काळी पडून दरवळते.

काडीची युक्ती मात्र इथली नाही. परदेशी नेलेल्या वेलींना फुलं यायची, शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ही सोपी रीत काढली. बाहेर मळे फोफावले, पापान्त्लाची मक्तेदारी गेली, आणि पुढे तीच रीत पापान्त्लात आली. माहेरच्यांनी सासरकडून स्वयंपाक शिकावा, तसंच हे!

इथले मूळ रहिवासी तोतोनाक. पुएब्लाच्या बिशपने त्यांच्या पवित्र सप्ताहाच्या प्रथांना मनाई केली, त्या निमित्ताने १८३६ मध्ये मारियानो ओलार्तेच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड पुकारलं.

जवळच एल ताहीन या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. १७८५ मध्ये दिएगो रुईस हा सरकारी माणूस चोरून लावलेली तंबाखू हुडकत रानात फिरत होता. सापडला तो कोनाड्यांचा पिरॅमिड. हे कोनाडे ३६५ होते, असं मानतात.

पापान्त्लात चर्चपाशी उंच खांब आहे. पूर्वापार रीत झाडाच्या खोडाची; तोडण्याआधी झाडाची क्षमा मागायची. पाच जण वर चढतात. एक जण माथ्यावर बासरी आणि ढोलकं वाजवतो, बाकीचे चौघे कमरेला दोर बांधून उलटे झेपावतात. प्रत्येकाच्या तेरा फेऱ्या, मिळून बावन्न: जुन्या पंचांगाचं बावन्न वर्षांचं एक चक्र. २००९ पासून हा विधी युनेस्कोच्या वारसायादीत आहे.

खाली चौकात व्हॅनिलाच्या शेंगा विणून केलेली फुलं, क्रूस, अगदी विंचूही विकायला मांडलेले असतात. घमघमणारा विंचू.