एका मिनिटाला एक प्रश्न

शिक्षक पात्रता परीक्षेच्या पेपरात 150 प्रश्न असतात आणि वेळही 150 मिनिटांचाच. सर्वसाधारण गटाला पास होण्यासाठी 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी, नाहीतर नोकरी सोडावी. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत सहावी ते आठवीला शिकवते, म्हणून तो दिलासा मला नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 साली सुरू झाली आणि माझी नेमणूक त्याआधीची. बी.एड.ची पुस्तके केव्हाच माळ्यावर गेली होती. ती खाली काढली.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एका प्रशिक्षणात साहेबांनी फळ्यावर चार चौकोन काढले. एका बाजूला तातडीची कामे, दुसऱ्या बाजूला महत्त्वाची. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 च्या एका भाषणात हा फरक सांगितला होता, तोही एका कॉलेजच्या माजी प्रमुखाचा विचार म्हणून. पुढे स्टीफन कोवी यांच्या 1989 च्या पुस्तकाने तो जगभर नेला. चौकोन वाईट नाहीत. फक्त भाकरी कोणत्या चौकोनात घालायची, हे साहेबांनी सांगितले नाही.

भाकरीचा हिशेब सरकारने मात्र केला आहे. देशाच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, पुरुष 97. 2024 च्या पाहणीत बायकांची 289 झाली आणि पुरुषांची 88. पाच वर्षांत आमची दहा मिनिटे सुटली खरी, पण त्यांचीही नऊ सुटली. ती कुणी उचलली कोण जाणे, बहुधा मिक्सरने!

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यानुसार सहावी ते आठवीला वर्षात 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन झाले पाहिजे, आणि शिक्षकाने पाठाच्या तयारीसह आठवड्याला 45 तास काम केले पाहिजे. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती वगळता दुसरे अशैक्षणिक काम देऊ नये, असेही त्यात आहे. पण जनगणनेचे दोन्ही टप्पे, 2026 मधली घरयादी आणि फेब्रुवारी 2027 मधली मोजणी, नेमके आमच्या मुदतीच्या दोन वर्षांतच येतात. शाहूवाडीच्या डोंगरी वाड्यावस्त्यांवर ऑनलाइन माहिती भरायची तर मोबाईल हातात धरून रेंज शोधत चढावर जावे लागते. ते तास कोणत्याही कायद्यात मोजलेले नाहीत.

म्हणून मी वेळापत्रक केले नाही. काय करणार नाही, तेवढे घरात सांगितले. रात्री भाकरी नाही, भात. लग्नात निकाहला येईन, पण हळदीला आणि मेंदीला नाही. फजरच्या नमाजनंतर मी अभ्यासाला बसेन आणि तेव्हा चहा ज्याचा त्याने करायचा. सासूबाई म्हणाल्या, "पेपर तेरा हय, चूल तो सबकी हय." मी म्हणाले, "अम्मी, सबकी हय, तोच तो बोल रही हूँ." आमचे हे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा ठेवला. साखर जास्त पडली होती, कुणी काही बोलले नाही. मोहल्ल्यात मात्र बोलणे झालेच. मास्तरीणबाईंना शिंगे फुटली, असे एकीने माझ्याच जावेला सांगितले.

फजरचा तास घड्याळासारखा एका जागी बसत नाही. जून आणि जानेवारीत त्याच्या वेळेत तासाभराचा फरक पडतो. उन्हाळ्यात इतिहासाचा एक धडा होतो, थंडीत अर्धाच. पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा बॅटरीच्या उजेडात. तरी हाच तास माझा टिकतो. संध्याकाळचा ठेवला असता तर पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांनी नेला असता.

पण या सगळ्यात एक अर्धा तास असा आहे, ज्याला मी हात लावलेला नाही. शाळा सुटल्यावरचा. आठवीत माझ्याकडे दोन मुली आहेत. आमच्याकडे आठवीपर्यंतच वर्ग. पुढे एसटीने लांब जायचे, आणि मुलगी मोठी झाली म्हणून घरचे कचरतात. त्यांचे गणित कच्चे आहे. नववीच्या वर्गात ती मागे पडली की बापाला शाळा सोडवायला आयतेच कारण मिळेल. म्हणून तो अर्धा तास अपूर्णांकांचा आणि समीकरणांचा.

23 नोव्हेंबर 2025 ला परीक्षा झाली. मी फॉर्मच भरला नाही. बरोबरीचे शिक्षक म्हणाले, पहिली संधी कोण सोडतो? निकालापासून परीक्षेपर्यंत तीन महिनेही नव्हते. तयारी करायची तर तो अर्धा तास द्यावा लागला असता, रविवारच्या घरभेटीही. मला पुन्हा बसायला मिळेल, त्या मुलींची आठवी पुन्हा येणार नाही. मुदतीत पास झाले नाही तर नोकरी जाईल, घराचा हप्ता माझ्या पगारावर आहे, हे मला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक आहे. ते एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी मात्र बस."

एकीचे वडील भात कापणीच्या दिवसांत बांधावरच भेटले. त्यांनी एसटीचा पास कसा काढतात ते विचारले, म्हणजे अर्धे काम झाले. दुसरीच्या घरी दोनदा जाऊन आले. तिचे वडील भेटले नाहीत, आजी भेटली, आणि आजीचा विरोध जास्त आहे. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की पुन्हा जाणार आहे. आजीला दुपारी झोप लागते, त्याआधी गाठायला हवे. त्या दिवशी इतिहास वाचून होणार नाही.