आधी अन्न, मग मैदान

स्मरणिकेत क्रीडाविभागाविषयी लिहायचे, तर ढाली, करंडक आणि विजेत्या संघांची नावे द्यावीत, अशी प्रथा आहे. त्या यशाचा आम्हांलाही अभिमान आहे. परंतु या विद्यालयाच्या मैदानावर खो-खो खेळलेल्या आणि लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेल्या आम्ही माजी विद्यार्थिनी येथे निराळ्या विषयावर लिहीत आहोत. तो विषय आहे खेळणाऱ्या मुलीच्या ताटाचा, तिच्या मासिक पाळीचा आणि तिच्या हाडांचा. वरवर हे तीन विषय वाटतात. वस्तुतः तो एकच आहे.

आपल्या मुलींसाठी खेळ ही केवळ हौस नाही. राज्याच्या शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा दुष्काळी भागातील मुलीची झेप कोठवर जाऊ शकते, हे सर्वांनी पाहिले. शेतमजुराच्या घरातून आलेल्या मुलीसाठी तिचे पाय हेच भांडवल असते. म्हणूनच त्या पायांतील हाडांची काळजी हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे.

आमच्या संघातील एका मैत्रिणीने बारावीच्या वर्षी भरतीच्या तयारीसाठी सराव वाढवला. पहाटे बुद्धवंदना झाली की रिकाम्या पोटी धावणे, दिवसभर वर्ग, सायंकाळी पुन्हा मैदान. ताटातील भाकरी मात्र पूर्वीइतकीच राहिली. आठ महिने तिला पाळी आली नाही. कसून सराव केला की असे व्हायचेच, उलट कटकट टळली, अशी सार्वत्रिक समजूत होती. पुढे नडगी दुखू लागली. तेल चोळून झाले, पट्टी बांधून झाली. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. अखेर ज्या अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे तिला नेले, त्यांचा पहिला प्रश्न पायाविषयी नव्हताच. “शेवटची पाळी कधी आली होती?” असे त्यांनी विचारले, आणि पाठोपाठ, “दिवसभरात काय काय खातेस?” हाडाला बारीक चीर गेली होती. हाड सांधले, परंतु त्या वर्षीची भरती हातची गेली.

डॉक्टरबाईंनी हे दोन प्रश्न का विचारले, ते समजून घेतले पाहिजे. आपण खातो त्या अन्नातील ऊर्जा प्रथम सरावात खर्च होते. उरलेल्या ऊर्जेवर हृदय, मेंदू, वाढ, पाळी आणि हाडे यांचे काम चालते. उरणारी ऊर्जा फार कमी पडू लागली की शरीर काटकसर करते, आणि जगण्यासाठी तातडीचे नाही ते काम आधी थांबवते. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, पाळी लांबते किंवा थांबते. हेच संप्रेरक हाडांची झीज आवरून धरीत असते. ते घटल्यावर हाड भरण्यापेक्षा झिजते अधिक, आणि रोजच्या धावण्याचे आघात त्याला सोसत नाहीत. ऊर्जेची तूट, पाळीतील बिघाड आणि हाडांचा कमकुवतपणा या त्रिकुटाला अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये नाव दिले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवून असे सांगितले की, ही तूट हृदय, प्रतिकारशक्ती आणि मन यांनाही बाधते, आणि ती मुलग्यांनाही होऊ शकते.

याचे गणित अवघड नाही. चरबी वगळून शरीराचे जे वजन उरते, त्याच्या प्रत्येक किलोमागे सराव वजा जाता दिवसाला सुमारे ४५ कॅलरी उराव्यात, असे मानतात. त्या ३० च्या खाली गेल्या की धोका वाढतो. मुलीचे असे वजन ३५ किलो धरले, तर सुमारे १६०० कॅलरी शरीरासाठी आणि चार-साडेचारशे सरावासाठी, म्हणजे दिवसाला दोन हजारांच्या आसपास लागतात. मुलगी दिसायला बारीक नसली, तरीही ही तूट असू शकते. वजनकाट्यावर ती दिसतेच असे नाही. अनेकदा पाळीच ती प्रथम सांगते. आणि हाडांची बहुतेक घडण विशीपर्यंत पूर्ण होते. या वयात जे साठवायचे राहिले, ते पुढे भरून काढणे कठीण असते.

पाश्चात्त्य देशांत या विषयाची चर्चा बहुधा सडपातळ दिसण्याच्या हव्यासापासून सुरू होते. आपल्याकडे कारण निराळे आहे. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते आईने खायचे, आणि तिच्यामागोमाग मुलीने, ही रीत अद्याप गेलेली नाही. पोटभर खाणाऱ्या मुलीला नावे ठेवणारेही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यांतीलच मुली आपण मैदानात उतरवीत असतो.

तथागतांच्या चरित्रात याविषयीची शिकवण आहे. सहा वर्षांच्या देहदंडाने त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांनी तो मार्ग त्यागिला आणि उरुवेलेत सुजाताने दिलेल्या भोजनाचा स्वीकार केला. पुढे सारनाथच्या पहिल्या प्रवचनात त्यांनी भोगाप्रमाणेच देहदंडाचे टोकही त्याज्य ठरविले. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील प्रसंग आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटीच प्रवचनाला पोहोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालविले, आणि त्याची भूक शमल्यावरच धम्म सांगितला. उपाशी माणसाला धम्मही ऐकवू नये, तर उपाशी मुलीला मैदानाच्या फेऱ्या कशा मारायला लावाव्यात?

येथे उपोसथाचाही विचार नम्रपणे मांडतो. अष्टशील ग्रहण केलेली मुलगी मध्यान्हानंतर भोजन करीत नाही. तिच्या श्रद्धेचा आदर राखून त्या दिवशीचा सायंकाळचा सराव बंद ठेवावा. आजारी भिक्षूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ अवेळीही घेण्याची मुभा विनयात आहे. शरीराची गरज धम्माने कधी नाकारलेली नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी विटाळाची कल्पना झुगारली. आपल्या घरांतून पाळीचा विटाळही पुष्कळसा गेला. पाळीविषयीचे मौन मात्र राहिले. मुलगी वंदनेला बसते, स्वयंपाकघरात वावरते, पण चार महिने पाळी आली नाही, हे प्रशिक्षक सरांना सांगू शकत नाही. मीराबाई चानू २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा तो पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिने सर्वांसमोर सांगितले. तेवढा मोकळेपणा आपल्या मैदानावरही यावा.

आमचे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. पहाटेच्या सरावापूर्वी प्रत्येक मुलीच्या हातात केळे किंवा गूळ-शेंगदाणे असावेत आणि सराव संपताच न्याहारी मिळावी. भोजनगृहात नाचणीची भाकरी किंवा आंबील नियमाने असावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि वाढत्या मुलीची रोजची गरज १००० च्या आसपास आहे. मोडाची उसळ, पालेभाजी आणि त्यांवर पिळायला लिंबू असावे, कारण लिंबामुळे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा मात्र नसावा. अंडी-दूध परवडेल तेव्हा द्यावे. प्रत्येक खेळाडू मुलीने आपल्या पाळीच्या तारखा वहीत लिहाव्यात आणि त्यासाठी विश्वासाची एक शिक्षिका नेमावी. वयाची १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. तोवर सराव हलका आणि ताट भरलेले ठेवावे.

पालकांना एवढीच विनंती: सुटीत लेक घरी आली की तिने जिंकलेल्या पदकाबरोबर तिच्या पाळीचीही विचारपूस करावी, आणि पंगतीत तिचे ताट सर्वांबरोबर वाढावे.