खादाडपणा कीं व्याधि ?

आमच्या लहानपणीं लग्नामुंजीच्या पंगतींत जिलब्यांच्या पैजा लागत. कोणीं पन्नास खाल्ल्या, कोणीं पाऊणशें, हें पुढें वर्षानुवर्षें सांगितलें जाई, आणि जो अधिक खाई तो त्या पंगतीचें भूषण ठरे. यजमान आग्रह करी, वाढपी हात आंखडीत नसत, आणि खाणारा तृप्तीचा ढेंकर देऊन उठे. ज्या समाजांत पोटभर खाणें हा असा कौतुकाचा विषय होता, त्याच समाजांत एकांतांत, चोरून, डोळ्यांत पाणी आणून खाणाऱ्या माणसाचें दुःख ओळखण्यास इतका उशीर कां लागावा, याचा विचार आम्ही गेलीं कांहीं वर्षें करीत आहों. हा विचार आमच्याच घरांतून निघाला असल्यामुळें तो वाचकांपुढें ठेवतांना संकोच वाटतो. परंतु ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्या आमच्या धाकट्या भावानेंच "दादा, लिहा, दुसऱ्या कोणाच्या घरीं तरी वेळेवर कळेल," असें सांगितल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचें घर साताऱ्यास. आम्ही दोघे भाऊ व आमचीं कुटुंबें अजून एकाच चुलीवर जेवतों. आम्ही जन्मभर शाळामास्तर. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि पाठशाळेंत मिळालेलें थोडेंबहुत संस्कृत, एवढीच आमची पुंजी. धाकटा भाऊ आमच्याहून सहा वर्षांनीं लहान; एका बँकेंत कारकून होता, २०२४ सालीं निवृत्त झाला. तो लहानपणापासून अंगानें स्थूल, म्हणून आम्ही त्यास ‘वृकोदर’ म्हणूं लागलों. महाभारतांत भीमाचें हें नांव गौरवाचें आहे. आमच्या तोंडीं तें तसें नव्हतें. पुढें तें घरांत रूढ झालें, मग त्याच्या कचेरींत, आणि शेवटीं त्याच्या मुलांच्या मित्रमंडळींतहि. तोहि हंसे. तो हंसतो, अर्थात् त्यास लागत नाहीं, असा सोईस्कर तर्क आम्हीं तीस वर्षें चालविला.

आश्चर्य असें कीं, पंगतींत त्यानें कधीं पैज लावली नाहीं. चारचौघांत त्याचें जेवण बेताचें. दोन पोळ्या, वाटीभर भात, कीं उठला. मग अंग सुटतें कसें, असें कोणीं विचारलें कीं "प्रकृतीच तशी" म्हणे.

२००४ सालच्या दिवाळींतील गोष्ट. कोठीच्या खोलींत बुंदीच्या लाडवांचा डबा भरून ठेवला होता. भाऊबिजेस उघडून पाहतों तों चाळिसांपैकीं अकरा उरलेले. मुलांनीं कानांवर हात ठेवले. उरली ती भांडीं घासण्यास येणारी बाई. आठ वर्षांत तिनें सुपारीच्या खांडासहि हात लावला नव्हता. तरी वर्गांत पेन्सिल हरवली म्हणजे मुलांची चौकशी करावी, तशी आम्हीं सर्वांसमक्ष तिची चौकशी केली, आणि तिच्या ‘नाहीं’वर विश्वास ठेवला नाहीं. त्याच दिवशीं ती काम सोडून गेली. धाकटा भाऊ त्या वेळीं ओसरीवरच उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला आम्हीं पाहिला, आणि हा फार कनवाळू आहे, असें मनाशीं म्हटलें.

पुढें त्याच्या रक्तांतील साखर वाढूं लागली, तेव्हां वडीलकीच्या नात्यानें आम्हीं त्याच्या आहाराचा कारभार आपल्या हातीं घेतला. फार खाणाऱ्यास योग साधत नाहीं, हें गीतेच्या सहाव्या अध्यायांतील वचन आम्ही त्यास वारंवार ऐकवीत असूं. मुळींच न खाणाऱ्यासहि तो साधत नाहीं, हें तेथेंच पुढें सांगितलें आहे, तें मात्र सोईस्करपणें गाळीत असूं. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, दर सोमवार आणि रोज रात्रीं केवळ ताक, असा नेम ठरला. कोठीस कुलूप लागलें. महिना दोन महिने वजन उतरे, आणि मग पूर्वींपेक्षांहि चढे. घरांत ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून थट्टा होई. त्या म्हणींत किती खरें दुःख दडलें आहे, तें आम्हांस ठाऊक नव्हतें.

२०१८ च्या श्रावणांत एकादशीच्या रात्रीं दोनच्या सुमारास आम्ही पाणी पिण्यास उठलों. स्वयंपाकघरांत फ्रीजचें दार उघडें होतें, आणि त्याच्याच उजेडांत धाकटा भाऊ उभ्याउभ्यानें पातेल्यांतला मुलांचा उरलेला गार भात मुठीमुठीनें तोंडांत कोंबीत होता. शेजारीं लोणच्याची बरणी, शेवेचा रिकामा पुडा आणि खरवडून संपविलेलें शिऱ्याचें भांडें. "अरे, हें काय?" आम्हीं विचारलें. त्यानें आमच्याकडे पाहिलें. डोळ्यांतून पाणी वाहत होतें, तरी हात चालूच होता. "दादा, भूक नाहीं. चवहि लागत नाहीं. पण हात थांबत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. थोड्या वेळानें भिंतीस टेकून खालीं बसला, आणि म्हणाला, "ते लाडू मींच खाल्ले होते."

कोणते लाडू, हें आम्हांस क्षणभर उमगलें नाहीं. चौदा वर्षें लोटलीं होतीं. त्यास मात्र एक दिवसहि विसर पडला नव्हता.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास मानसोपचारतज्ज्ञ आहे. आठ दिवसांनीं आम्ही दोघे त्याच्याकडे गेलों. त्यानें वजनाचा विषयच काढला नाहीं. भावाच्या संमतीनें आमच्यासमोरच त्यानें प्रश्न विचारले: दोन तासांच्या आंत, इतर कोणी खाणार नाहीं इतकें खाणें होतें काय? त्या वेळीं थांबूं म्हटलें तरी थांबतां येत नाहीं असें होतें काय? नेहमींपेक्षां घाईनें खातां काय? पोट दुखेपर्यंत खातां काय? भूक नसतांहि खातां काय? लाज वाटते म्हणून एकट्यानें खातां काय? आणि मागाहून स्वतःचा तिटकारा येतो काय? प्रत्येक प्रश्नास भाऊ ‘होय’ म्हणत गेला. शेवटच्या प्रश्नास त्यानें नुसती मान खालीं घातली.

तेव्हां आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, हा आजार आहे. याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात." मराठींत त्यास अनावर भक्षणाचा विकार म्हणतां येईल. आल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन वैद्यानें १९५९ सालीं अशा खाण्याचें वर्णन केलें. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगनिदान-ग्रंथांत १९९४ सालीं त्यास परिशिष्टांत, अधिक अभ्यासाचा विषय म्हणून, जागा मिळाली, आणि २०१३ च्या पांचव्या आवृत्तींत स्वतंत्र विकार म्हणून मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांतहि तो आहे. त्या अमेरिकन ग्रंथाप्रमाणें असे प्रसंग सरासरीनें आठवड्यांतून एकदां तरी, तीन महिनेपर्यंत घडत असले आणि त्यांपासून मनास तीव्र क्लेश होत असले, तर हा विकार समजावा. खाल्ल्यावर मुद्दाम ओकून काढण्याची किंवा रेचक घेण्याची संवय असेल, तर तो निराळा विकार होय. हा केवळ बायकांचा रोग आहे, असेंहि नाहीं: २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील पाहणींत आयुष्यांत केव्हां तरी हा विकार झालेल्यांचें प्रमाण हजार स्त्रियांत ३५ व हजार पुरुषांत २० आढळलें. प्रत्येक स्थूल मनुष्य या विकाराचा रोगी नसतो, आणि प्रत्येक रोगी स्थूल नसतो.

उपासांची हकीकत ऐकून तो गंभीर झाला. त्यानें आम्हांस एका प्रयोगाची माहिती दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनें, चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. दिवसरात्र त्यांच्या डोक्यांत अन्नाखेरीज विषय राहिला नाहीं, आणि पुढें पुरेसें अन्न मिळूं लागल्यावरहि त्यांपैकीं कित्येकांस पोट भरलें तरी खाणें आवरेना. हीं माणसें पूर्वीं खादाड नव्हतीं; उपासमारीनें त्यांची ही गत केली. "तुम्हीं त्यांना उपास घडविलेत तो औषध म्हणून," विद्यार्थी म्हणाला, "पण रात्रींच्या खाण्याला त्यानेंच इंधन मिळालें." आजवर आम्हीं त्यास शिकविलें होतें; त्या दिवशीं आम्हीं शिकलों.

घरीं येऊन आम्हीं चरकसंहिता काढली. चिकित्सास्थानांत अत्यग्नीचें वर्णन आहे: जठराग्नि इतका प्रखर होतो कीं खाल्लेलें तत्काळ पचतें व पुन्हां भूक लागते. परंतु आमच्या भावास तर भूकच नव्हती. हें तें नव्हे. मग शारीरस्थानाचा पहिला अध्याय वाचूं लागलों. तेथें प्रज्ञापराध हें रोगाचें एक कारण सांगितलें आहे. बुद्धि, धृति व स्मृति यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध. आणि धृति ढळली म्हणजे विषयांकडे धांवणारें मन अहितापासून आवरतां येत नाहीं, असें आचार्य म्हणतात. हाच शब्द आम्हीं भावास कितीदां सुनावला होता! त्यांतील ‘अपराध’ एवढाच भाग आमच्या मास्तरी कानास ऐकूं येत होता, आणि अपराध म्हटला कीं शिक्षा हें ठरलेलें. ग्रंथकारानें मात्र तो रोगाच्या हेतूंत घातला आहे, आणि रोगास चिकित्सा सांगितली जाते. सूत्रस्थानांत औषधाचे जे तीन प्रकार दिले आहेत, त्यांत सत्त्वावजय, म्हणजे मनास अहितकर विषयांपासून परत फिरविणें, हा एक आहे. आजच्या शास्त्राचें सर्व ज्ञान प्राचीनांस होतें, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांचीं वचनें पुढें करून आम्हीं भावास टोचलें, त्यांनीं टोचण्यास सांगितलें नव्हतें, इतकेंच आम्हांस कबूल करावयाचें आहे.

उपचार साधे वाटले, पण चिकाटीचे होते. विचार व वर्तन यांवर बोलण्यांतून काम करणाऱ्या पद्धतीच्या वीसेक बैठका झाल्या. पहिला नियम असा कीं, उपास बंद. तीन वेळां जेवण, मध्यें दोनदां थोडें खाणें, आणि दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर नाहीं. साखरेचीं औषधें चालू होतींच. तीं देणाऱ्या डॉक्टरांशीं विचार करूनच वेळा ठरविल्या. दुसरा नियम असा कीं, काय खाल्लें, केव्हां, कोठें आणि त्यापूर्वीं मनांत काय होतें, हें एका वहींत लिहावयाचें. दोन महिन्यांनीं भावानें ती वही आम्हांस आपण होऊन वाचावयास दिली. जन्मभर आम्हीं मुलांच्या वह्या तपासल्या. या वहीनें आमची परीक्षा घेतली. वाईट रात्रींपूर्वींच्या नोंदींत ‘दुपारीं जेवलों नाहीं’ हें वाक्य बहुधा असे, आणि ‘वृकोदर’ हा शब्द सात वेळां आला होता.

पूर्वीं आठवड्यांतून चार रात्री अशा जात. सहा महिन्यांत त्या महिन्यांतून एक-दोनवर आल्या. २०२० च्या टाळेबंदींत विकारानें पुन्हां डोकें वर काढलें, तेव्हां पुन्हां बैठका घ्याव्या लागल्या. आज महिनेच्या महिने सुखाचे जातात. वजन फारसें उतरलें नाहीं; तसें होईलच असें डॉक्टरांनींहि सांगितलें नव्हतें. परंतु तो आतां आमच्याबरोबर पंगतीस बसतो, आवडीचें मागून घेतो, आणि रात्रीं झोंपतो.

एक हिशेब उरला होता. २०१९ सालीं आम्ही दोघे भाऊ त्या बाईचें घर शोधीत गेलों. भावानें सारें सांगितलें, आम्हीं क्षमा मागितली. तिनें चहा केला. मग म्हणाली, "आलात, बरं झालं, गुरुजी. पण माझ्या पोरीला तेव्हा आळीतली मुलं ‘चोराची’ म्हणायची. ते तुम्ही कसं परत घेणार?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. तिच्या परवानगीनें त्या आळींतील, ज्यांच्या कानीं तेव्हां ती गोष्ट गेली होती, त्या तीन घरीं जाऊन आम्हीं खरें काय तें सांगितलें. भरपाई म्हणून तें फारच थोडें आहे.

वाचकहो, आपल्या घरीं डबे रात्रींतून रिकामे होत असतील, कोणी चारचौघांत मोजकें जेवून एकांतांत खात असेल, तर चोर शोधूं नका, कुलपें लावूं नका, घांस मोजूं नका. त्या माणसास एकीकडे घेऊन, तुला त्रास होतो आहे काय, एवढें विचारा, आणि त्याच्यासह वैद्याकडे जा. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल, तर केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य दूरध्वनि-सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. आणि घरांत कोणास थट्टेचें नांव पडलें असेल, तर तें आजपासून टाकून द्या. आम्हीं तें टाकलें. आमच्या कोठीचें कुलूपहि काढून टाकलें असून, या दिवाळींत लाडवांचा डबा जेवणाच्या खोलींतच, सर्वांच्या हातास येईल असा ठेवला होता.