तांबडी शाई

मी 31 वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. मुलं शिकली की नाही, हा मुद्दा निराळा. वर्ड्‌स्वर्थचे डॅफोडिल्स मी इतक्या तन्मयतेनं शिकवीत असे की, एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ते झेंडूसारखं असतं का?" "साधारण तसंच," मी ठोकून दिलं. डॅफोडिल मी तरी बापजन्मी कुठं पाहिलं होतं!

पण साहेबाच्या भाषेचं सोवळं सांभाळायचा मक्ता आपल्याकडेच आहे, अशी माझी समजूत होती. उशाशी 'रेन अँड मार्टिन', खिशाला तांबड्या शाईचं पेन. 'कझिन ब्रदर' दिसला की काट. 'प्रीपोन' दिसला की काट, शिवाय वर्गासमोर जाहीर वाचन. एकानं निबंधात 'बहिणीचं लग्न प्रीपोन झालं' असं लिहिलं होतं. मी ते वाक्य असं काही रंगवलं की, वर्ग पोट धरधरून हसला. तो मुलगा तेवढा हसला नाही. पुढं वर्षभर त्यानं माझ्या तासाला तोंडच उघडलं नाही. मला वाटलं, चला, शिस्त लागली!

आणि 2017 साली ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशानं सत्तरएक भारतीय शब्द एकदम आत घेतले. गुलाबजाम, वडा, इतकंच काय, 'चक्का जाम'सुद्धा! 'प्रीपोन' तर आधीच आत जाऊन बसलेला. यजमानानं पाहुण्याला पाट मांडलाय आणि मी आपला दारात काठी घेऊन उभा! हिला सांगितलं तर म्हणते, "मग कापलेले मार्क परत करणार का?"

गेल्या दिवाळीत तो मुलगा आला. मुलगा कसला, कानाशी केस पिकलेत. पुण्यात कंपनीत आहे. "सर, मनिलाची बाई, एक जर्मन आणि मी, आमचं मोडकंतोडकं झकास जुळतं. लंडनचा साहेब बोलायला लागला, की मात्र सगळे 'पार्डन, पार्डन' करतात!"

मग घड्याळ बघून उठला. "निघतो सर, उद्याची मीटिंग प्रीपोन..." एकदम जीभ चावून त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलं.

"बस रे," मी म्हणालो. "बहिणीचं लग्न तेव्हा नीट पार पडलं ना?"

"हो सर. वडिलांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून तर अलीकडं घेतलं होतं. पंधरवड्यात ते गेलेच."

ही चहा घेऊन आली. मी बराच वेळ साखर ढवळत राहिलो.