गरम फरशीचा पास

व्हँकूव्हर बंदरातील कॅनडा प्लेसच्या धक्क्यावर, त्या पांढऱ्या शिडांसारख्या छपराखाली, सामान देणे, सुरक्षातपासणी आणि अमेरिकेचे इमिग्रेशन (ते जहाजावर चढण्यापूर्वी तेथेच उरकते) अशा तीन रांगांत मिळून आम्ही जवळजवळ अडीच तास उभे होतो. जहाजात पाऊल टाकले तेव्हा सौ.चे गुडघे बोलू लागले होते. नेमक्या त्याच वेळी एका हसतमुख तरुणीने आमच्या हाती रंगीत पत्रक ठेवले. त्यात निळसर दिवे, काचेपलीकडे समुद्र आणि पांढऱ्या झग्यात डोळे मिटून पहुडलेली एक बाई. सौ.ने ते पत्रक दोनदा वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि काहीच बोलली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात तिच्या या न बोलण्याचा अर्थ मला थोडाफार कळू लागला आहे.

चिरंजीव आणि सूनबाई व्हँकूव्हरलगतच्या सरे येथे राहतात. जून महिन्यातील सात रात्रींची ही अलास्काची सफर ही त्यांची भेट. त्या भेटीमागे एक कारण होते आणि ते आम्ही चौघेही उघडपणे बोलत नव्हतो. ऑगस्टमध्ये सांगलीला सौ.च्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. शस्त्रक्रियेपेक्षा ‘नंतर पूर्वीसारखे चालता आले नाही तर?’ या विचाराचीच तिला अधिक धास्ती होती. म्हणून जाण्यापूर्वी तिने एकच हट्ट धरला होता: हिमनदीजवळ आपल्या पायांनी चालत जायचे, खुर्चीत बसून नव्हे.

आता त्या पत्रकाविषयी. आपल्या वाचकांपैकी अनेकजण हल्ली मुंबईहून किंवा सिंगापूरहून क्रूझने जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जहाजावरील स्पा म्हणजे एक दुकान नसते, त्यात दोन निराळे व्यवहार असतात. मालिश, चेहऱ्याचे उपचार वगैरेंचे दर वेळेचे निराळे पैसे. दुसरा व्यवहार पासाचा. पास घेतला की ‘थर्मल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दालनात हवे तेव्हा जाता येते. आमच्या जहाजावर त्या दालनात कोमट पाण्याचा, जोरदार धारांचा हौद होता, दोन वाफेच्या खोल्या होत्या, लाकडी सॉना होते, आणि खिडकीकडे तोंड करून मांडलेले, अंगाच्या वळणाचे, आतून तापवलेल्या फरशीचे पलंग होते. मालिश त्या पासात येत नाही. हे विचारून घ्यावे, कारण पत्रकातील त्या पहुडलेल्या बाईच्या पाठीवर कोणाचे तरी हात दिसतात!

सात रात्रींचा दर एका माणसाला १९९ डॉलर, जोडप्याला मिळून २९९. सुटा एका दिवसाचा पास ४५ डॉलर, पण तो फक्त जहाज बंदराला लागलेले असते त्या दिवशी, आणि जागा उरली तर. पास मोजकेच काढतात. ‘बाबा, घ्यायचा तर पहिल्याच दिवशी घ्या, नंतर मिळत नाही,’ असे सूनबाईने धक्क्यावरच बजावून सांगितले होते.

मी आयुष्यभर बँकेत इतरांचे हिशेब तपासले. खोलीत बसून मी कागद पुढे ओढला. १९९ डॉलर म्हणजे सुमारे सतरा हजार रुपये. सौ. रोज तासभर गेली तर सात तास, म्हणजे तासाला २८ डॉलरांहून थोडे अधिक. पन्नास मिनिटांच्या मालिशीचा दर होता १५० डॉलर, त्यावर १८ टक्के बक्षिसी आपोआप चढते, म्हणजे १७७. एका मालिशीत आठवडाभराचा पास जवळजवळ निघतो, हा विक्रेत्या मुलीचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण आम्ही मालिश घेणारच नव्हतो, त्यामुळे न केलेल्या खर्चाशी तुलना करून बचत दाखवण्याचा तो प्रकार मला पटला नाही. सुट्या पासांचा हिशेब अधिक प्रामाणिक. चार दिवस गेलो तर १८०, पाच दिवस गेलो तर २२५. म्हणजे पाच दिवस जाणार असाल तरच पूर्ण पास परवडतो.

मग मी तारखा मांडल्या. दुसरा दिवस समुद्रात. तिसरा जुनो, चौथा स्कॅग्वे, पाचवा ग्लेशियर बे, सहावा केचिकन, सातवा पुन्हा समुद्रात. ग्लेशियर बेच्या दिवशी कोणी स्पामध्ये जात असेल असे वाटत नव्हते. बंदराच्या दिवशी बाहेर हिंडून दमलेले पाय संध्याकाळी तिकडे वळतील का, हा प्रश्नच होता. शिवाय जहाजावर पुष्कळ काही फुकट असते. काचेच्या सरकत्या छताखालच्या मधल्या पोहण्याच्या तलावालगत गरम पाण्याची कुंडे होती, व्यायामशाळा होती. काही जहाजांवर कपडे बदलण्याच्या खोलीला लागूनच साधे सॉनाही विनामूल्य असते, विचारल्याखेरीज ते कोणी सांगत नाही. एवढे असताना सतरा हजार?

येथे माझ्यातला हिशेबनीस घसरला. दोघांचे सुटे पास ३९८ होतात आणि जोडीचा २९९, म्हणजे ९९ डॉलरची सूट! मी जोडीचा पास घ्यायला निघालोच. काउंटरवरच्या मुलीने एक आरोग्याचा अर्ज पुढे केला. हृदयविकार? उच्च रक्तदाब? तीन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसवला आहे, आणि वाफ, सॉना व फार गरम पाणी टाळा असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मी पेन हातात धरून थांबलो. खरे सांगायचे तर ‘नाही’ या चौकोनावर खूण करण्याचा मोह क्षणभर झाला. शेजारी सौ. उभी होती. तिने शांतपणे माझ्या हातातले पेन घेतले. ‘अहो, जे तुम्हाला वापरताच येणार नाही त्यावर सूट कसली?’ असे म्हणून तिने अर्ज परत केला आणि आम्ही पास न घेता खोलीकडे आलो. माझे शंभर डॉलर वाचवण्याच्या नादात तिचा पासही राहून गेला, हे लिफ्टमध्ये माझ्या लक्षात आले. ती मात्र बटणांकडे पाहत होती.

त्या रात्री जहाज व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांमधील चिंचोळ्या सामुद्रधुनीतून निघाले. तेथे सेमूर नॅरोज नावाचे ठिकाण आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह तेथे इतका प्रबळ असतो की मोठी जहाजे पाणी संथ होण्याची वेळ साधूनच जातात. त्या मार्गात रिपल रॉक नावाचा बुडालेला खडक होता आणि त्यावर आपटून कित्येक जहाजे फुटली. अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी त्या खडकात खालून बोगदा खणून सुरुंगाने त्याचा माथा उडवण्यात आला. हे सगळे मी सौ.ला सांगत होतो. तिने पाय पलंगावर उशीवर ठेवले होते. ‘हं,’ एवढेच म्हणाली.

सकाळी सात वाजता मी एकटाच काउंटरवर गेलो आणि तिच्या एकटीच्या नावाने १९९ डॉलरचा पास मागितला. दोनच उरले होते.

पहिल्या दिवशी ती दहा मिनिटांत परत आली. दालन स्त्री-पुरुषांना एकत्रच होते, आणि सूनबाईने घेऊन दिलेला अंगभर पोहण्याचा पोशाख घातला असूनही वाफेच्या खोलीत परक्या पुरुषांशेजारी बसणे तिला जमेना. आपल्याकडील भगिनींनी हे आधीच लक्षात घ्यावे. पत्रकात ते लिहिलेले नसते. सतरा हजार रुपये पाण्यात गेले, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. दुपारी तिने पुन्हा प्रयत्न केला, या वेळी झगा अंगावर ठेवूनच ती सरळ त्या गरम फरशीच्या पलंगावर जाऊन पडली. दीड तासाने परतली तेव्हा जिन्यावरून आली. मी लिफ्टच्या दाराकडे वाट पाहत होतो.

तेव्हापासून तिने त्या दालनातील दोनच गोष्टी वापरल्या. फरशी आणि धारांचा हौद, तोही पहाटे सगळे झोपलेले असताना. वाफेकडे ती फिरकलीही नाही. ऊब मिळाली की सांधे काही तास मोकळे होतात, एवढेच. झिजलेला गुडघा त्याने बरा होत नाही, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण प्रवासात तेच काही तास हवे असतात.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण तेथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. जहाजाने किंवा विमानानेच पोहोचता येते. शहरापासून सुमारे १९ किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. तेथून नगेट धबधब्यापर्यंत पाऊलवाट जाते, जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर, बहुतेक सपाट. सौ. पहाटे सहाला फरशीवर पडून आली होती. वाटेत ती दोनदा थांबली, एकदा खरोखर थकून आणि एकदा मी धापा टाकत होतो म्हणून. धबधब्याचे तुषार तोंडावर उडू लागले, समोर निळसर बर्फाची भिंत, तळ्यात तरंगणारे हिमखंड. तिने काठावर बसून बूट काढले, पाण्यात बोट बुडवले आणि लगेच मागे घेतले. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. परतताना तिने माझा हात धरला, पण तो मला आधार म्हणून होता असे तिचे म्हणणे आहे.

स्कॅग्वेला आम्ही रेल्वेत बसूनच होतो, त्यामुळे गुडघ्यांची परीक्षा झाली नाही. १८९८ ते १९०० या काळात क्लोंडाइकच्या सोन्याच्या लोंढ्यासाठी बांधलेला हा तीन फुटी रुळांचा मार्ग सुमारे ३२ किलोमीटरांत जवळजवळ ३,००० फूट चढतो. आपल्या माथेरानच्या दोन फुटी गाडीची आठवण होणे अपरिहार्य होते.

ग्लेशियर बेला माझा अंदाज खरा ठरला. त्या दिवशी पासाची किंमत शून्य. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ साली कॅप्टन व्हँकूव्हरच्या खलाशांना येथे उपसागर असा दिसलाच नव्हता, बर्फच मुखापर्यंत आला होता. त्यानंतर तो सुमारे १०० किलोमीटर मागे हटला आहे. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर सावकाश वळत राहिले. एकाएकी कडाड असा आवाज झाला आणि भिंतीचा एक तुकडा पाण्यात कोसळला. तेथील मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात. स्पा त्या वेळी रिकामा असणार हे उघड होते, पण सगळ्यात हिशेबी माणूसही त्या दिवशी खाली गेला नसता.

जाता जाता जेवणाचे सांगतो, कारण ते विचारले जाईलच. कंदमूळविरहित जैन जेवणाची सूचना आरक्षणाच्या वेळीच दिली होती. रोज रात्री मुख्य वाढपी दुसऱ्या दिवशीचे पदार्थ विचारून घेई. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सौ.ला काळजी होती, ती तर हास्यास्पद ठरली. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो!

केचिकनला पाऊस. तेथे वर्षाला १४० इंचांहून अधिक पडतो, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नव्हता. लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या क्रीक स्ट्रीटवर भिजत हिंडून संध्याकाळी पाच वाजता सौ. फरशीकडे गेली, तर एकही पलंग मोकळा नाही. अर्धे पलंग नुसते टॉवेल टाकून अडवलेले. बंदरावरून सगळे परतल्यानंतरची ती वेळ सर्वांत वाईट. शेवटच्या समुद्रदिवशी तर दुपारी दालनात बाजार भरला होता. जे रोज पहाटे जाऊ शकतात त्यांनाच पूर्ण पास परवडतो, असे माझे मत झाले. जे उशिरा उठतात आणि बंदरावर दिवसभर हिंडतात, त्यांनी एखाद्या बंदराच्या दिवशी सुटा पास घेऊन पाहावे. ज्यांना वाफ आणि सॉना हीच हौस आहे, त्यांचा हिशेब निराळा.

तिने एकूण नऊ तास वापरला, मी टिपून ठेवले होते. तासाला २२ डॉलर.

सरेला परतल्यावर रात्री प्रवासाची वही लिहिताना १९९ डॉलरची रक्कम कोणत्या सदरात टाकावी, असा प्रश्न पडला. मी ती ‘औषधोपचार’ या सदराखाली लिहिली. सकाळी वही उघडली तर तो शब्द खोडून सौ.ने वर बारीक अक्षरात ‘सहल’ असे लिहिले होते.