मदिन्याचा दस्तरखान

आम्ही दोघी जावा. एकीचं घर शिरूरला, घोडनदीच्या अलीकडे. दुसरीचं दौंडला, रेल्वे जंक्शनजवळ. २०१६ साली अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, घेऊन दोन्ही घरं मिळून उमऱ्याला गेलो. "तिकडचं पोटाला मानवलं नाही तर?" म्हणून अम्मींनी बाजरीच्या कडक भाकऱ्या, ठेचा आणि दोन डबे शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. उरलेल्या वेळी टूरच्या खानसाम्याची डाळ-खिचडी. पंधरा दिवसांत अरबांच्या हातचा एक घास आमच्या पोटात गेला नाही.

त्यातली एक गोष्ट मात्र मनात राहिली. मस्जिदे नबवीत सोमवारी आणि गुरुवारी रोजेदारांसाठी दस्तरखान पसरतात. एका म्हाताऱ्या बाईंनी अम्मींची बाही धरून "बसा" अशी खूण केली. अम्मींनी हळूच बाही सोडवून घेतली. "ओळख ना पाळख, कुणाचं फुकट कसं खायचं?" म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं. दुसऱ्याकडून घेणं त्यांना कधी जमलंच नाही.

अम्मींच्या माघारी, २०२३ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. आधीच्या वेळी मक्क्याहून मदिन्याला बसने अर्धा दिवस लागला होता. या वेळी २०१८ मध्ये सुरू झालेल्या हरमैन रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचलो. ताशी ३०० किलोमीटरचा वेग बघून दौंडची जाऊ म्हणाली, "आपल्या पॅसेंजरला हे दाखवायला पाहिजे!"

या वेळी डबे बांधले नव्हते. पहिल्याच सकाळी फजरनंतर फूल आणि तमीस घेतलं. फूल म्हणजे मोठ्या वालासारख्या दाण्यांची रात्रभर शिजवलेली घट्ट उसळ, वर जिरं आणि ऑलिव्हचं तेल. तमीस ही तंदूरमधली ताटाएवढी रोटी. कागदात गुंडाळून मिळते, तोडून खायची. कुबा मस्जिदीकडे पायी जायचा साधारण तीन किलोमीटरचा रस्ता आहे. तो चालताना खजुराची दुकानं पाहिली. काळसर, मऊ अजवा, लांबट सफावी, मोठा, गरदार अंबर. दुकानदार चव घ्यायला हातावर ठेवतो आणि घेतलं नाही तरी रागावत नाही.

गुरुवारी रोजा ठेवला. मगरिबच्या आधी महिलांच्या भागात शिरतो न शिरतो, तोच एका बाईंनी बाही धरली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि काही न बोलता बसलो. समोर खजूर, तिळाचा गोल पाव, दह्याची डबी, झमझम. दह्यावर त्यांनी एक पूड भुरभुरली. तिला दुक्का म्हणतात. धणे, जिरं, मीठ यांची. अजान झाली, पहिला घास घेतला आणि शिरूरचं स्वयंपाकघर आठवलं. दही आणि वर चटणी! अम्मींचा रोजचा घास.

मग कहवा आला. फिका, वेलचीचा, ना दूध ना साखर. अगदी काढा! कप रिकामा झाला की त्या बाई पुन्हा भरत. तिसऱ्यांदा शेजारणीने हसत कप हलवून दाखवला. पुरे म्हणायची तीच खूण. काही मिनिटांत सगळं आवरून सफा लागल्या. निघताना आम्ही आभार मानू लागलो, तर त्या बाईच छातीवर हात ठेवून आम्हाला दुआ देत होत्या. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्यालाही रोज्याचा सवाब मिळतो. म्हणजे बाही सोडवून घेतली तर आपण समोरच्याचा वाटाही नाकारतो, हे तेव्हा उमगलं.

परत आल्यावर शिरूरला खलबत्त्यात दुक्का कुटला. शेजारच्या काकूंना वाटीभर दिला. "मेतकूट का गं?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती पुरणपोळ्यांच्या ताटातून. पूर्वी आम्ही म्हटलं असतं, "कशाला त्रास घेतला?" या वेळी ताट हातात घेतलं आणि काकूंसमोरच पोळीचा तुकडा मोडला.

उमऱ्याला जाणाऱ्या बहिणींना एवढंच सांगू: चटणी जरूर न्या, पण कुणी बाही धरली तर बसा.