स्वतःच्या शब्दांत

परवा टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता. नातू म्हणाला, "आजोबा, हे कोच लोक एवढे ओरडतात, ते खेळाडूंना ऐकू तरी येतं का?" मी नुसता हसलो. उत्तर मला चांगलंच ठाऊक होतं. ऐकू येतं. आणि तीच तर अडचण आहे!

तसा मी मराठीचा मास्तर. फुटबॉलशी नातं जडलं ते कोल्हापुरात, बी.ए.ला होतो तेव्हा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे सामने व्हायचे. स्वतः फारसा खेळलो नाही, पण बघितला मात्र पोटभर. पुढे श्रीरामपूरला नोकरी लागली. इथे कबड्डी, खो-खो नाहीतर क्रिकेट. फुटबॉल मागे पडला तो पडलाच.

निवृत्तीनंतर गावातल्या एका कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी फिरायला जायचो. साल 2018, विश्वचषकाचं वर्ष. दहा-पंधरा पोरं तिथे फुटबॉल खेळायची. खेळायची म्हणजे काय, चेंडू जिकडे तिकडे सगळा कळप! त्यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव दिलं होतं आणि शिकवणारं कुणी नव्हतं. एक दिवस मला राहवलं नाही, दोन शब्द बोललो आणि अडकलो.

पहिल्या दिवशी चेंडू बाजूला ठेवला आणि ओट्यावर खडूने गणित मांडलं. सामना 90 मिनिटांचा, खेळाडू 22. सारखी वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला चेंडू चार मिनिटं. त्यातही चेंडू कधी हवेत, कधी रेषेबाहेर, म्हणजे आणखी कमी. "मग उरलेली 86 मिनिटं तू काय करणार?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. डावपेच म्हणजे या 86 मिनिटांचा अभ्यास, हे त्यांना तिथे पटलं.

बचाव शिकवायला कबड्डी कामी आली. कोपरारक्षकाने एकट्याने घोटा धरला तर चढाई करणारा त्याला फरफटत नेतो. बाकीचे वेळेवर झाकायला आले तरच पकड होते. फुटबॉलमध्येही तसंच. पहिल्याने समोरच्याला नुसतं थोपवायचं, चेंडूवर झडप घालायची नाही. दुसऱ्याने त्याच्या मागे तिरकं उभं राहायचं. तिसऱ्याने पास जाईल ती वाट बंद करायची. गावाकडच्या पोरांना हे दोन दिवसांत उमगलं.

इथवर ठीक होतं. पण मास्तरची खोड जाते थोडीच! मी वहीत अकरा जणांच्या अकरा जागा आखल्या आणि कुणी कुठून कुठे जायचं ते पाठ करून घेतलं. पहिला सामना आला. मी रेषेवर उभा राहून अखंड ओरडत होतो. पोरं चेंडू मिळाला की आधी माझ्याकडे बघायची, मग पास द्यायची. तोवर समोरचा अंगावर आलेला असायचा. 1-1 अशी बरोबरी असताना आमचा डावा बॅक जागा सोडून थेट पुढे गेला. त्याचा पास मधेच अडवला गेला आणि त्याच्याच रिकाम्या बाजूने गोल बसला. आम्ही हरलो. सगळ्यांसमोर मी त्याला नको ते बोललो. "तुला डोकं चालवायला कुणी सांगितलं होतं?" हे माझे शब्द. आजही आठवले की लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. चार-पाच दिवसांनी मी त्याच्या वस्तीवर गेलो. तो उसाला दारं धरत होता. फावडं खाली न ठेवताच म्हणाला, "सर, त्यांचा पोरगा आत सरकला होता. बाजू सगळी मोकळी. मोकळी जागा बघायची, हे तुम्हीच सांगितलं ना? मग बघितली. पास चुकला, ते माझं चुकलं. पण गेलो ते नाही चुकलं."

काय बोलणार? पोरगं खरं बोलत होतं. चूक त्याच्या जाण्यात नव्हतीच. तो गेल्यावर त्याची जागा कुणी भरायची, हे मी कुणालाच शिकवलं नव्हतं. माझ्या वहीत तो जागा सोडतच नव्हता ना!

घरी येताना आणखी एक गोष्ट टोचत होती. प्रश्नपत्रिकेत 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं मी वर्षानुवर्षं छापत आलो. आणि गुण? ते माझ्या शब्दांत लिहिणाऱ्याला देत आलो.

त्या रात्री रहीमसाहेब आठवले. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं त्यात आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते. 1962 च्या जाकार्ता एशियाडमध्ये पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी 0-2 असा गेला. अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, बचावातल्या गड्याला, रहीमसाहेबांनी पुढे खेळवलं. त्याने गोल केला आणि आपण 2-1 ने सुवर्णपदक जिंकलो. पण मला आठवली ती त्यांची शिकवण्याची रीत. हैदराबादेत ते ड्रिबलिंगला बंदी असलेले सामने भरवायचे. चेंडू घेऊन पळायचंच नाही म्हटल्यावर आधीच मान वर करून साथीदार हेरावा लागतो. नियम मास्तरांचा, उत्तर मात्र खेळाडूचं!

मी वही मिटली. चारास चार असे छोटे सामने सुरू केले. एकाने दोनदाच चेंडूला पाय लावायचा. जो जागा सोडून पुढे जाईल त्याची जागा सर्वांत जवळच्याने भरायची. कोण जवळचा, ते मी सांगणार नाही. आठवड्याने तो पोरगाही आला. काही न बोलता बुटांच्या नाड्या बांधू लागला. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "राहू द्या सर."

पुढच्या सामन्यात तो पुन्हा तसाच पुढे धावला. माझ्या तोंडापर्यंत हाक आली होती, ती गिळली. आणि बघतो तर आमचा मधल्या फळीतला पोरगा कुणी न सांगता मागे सरकून त्याच्या जागी उभा! डाव्या बॅकचा फटका गोलच्या खांबाला लागून परत आला. तो सामनाही आम्ही हरलो.

असो. मास्तरकीत इतकी वर्षं गेली, पण गप्प बसून शिकवता येतं हे मात्र निवृत्तीनंतर कळलं. वर्गात बसून गेलेल्या मुलांना आता ते कसं सांगू?